लाभ, दोन, तीन

क्लास राजारामपुरीत, अकराव्या गल्लीत,
खाली झेरॉक्स, वर आम्ही सातजण.
तहसीन मॅडम म्हणाल्या, घरचं काहीतरी मोजा,
पुस्तकातली सफरचंदं नकोत.
आमच्या घरी गूळ मोजतात.

अप्पा मार्केट यार्डात तोलार, बत्तीस वर्षं.
कानामागं पेन्सिल, खिसा कायम चिकट.
त्यांच्या वहीतून चाळीस रव्यांची वजनं उतरवून घेतली
आणि जावात लूप लिहिला.

पहिल्या रात्री तो थांबेचना.
आकडा पुढं ढकलायची ओळच मी लिहिली नव्हती,
त्यामुळं तोच रवा काट्यावर चढायचा,
उतरायचा, परत चढायचा.
लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला
आणि आई आतून ओरडली, मिक्सर बंद कर गं.

दुसऱ्या रात्री सेमीकोलन.
फॉरच्या कंसाला चिकटलेला, मुंगीएवढा.
गुळाजवळ मुंगी असणारच, पण मला दिसली नाही.
लूप सगळे फेरे फिरला, बिनउसाचा चरक,
ना रस, ना चिपाड,
आणि फिरून झाल्यावर एकदाच खाली उतरून
एक्केचाळिसावा रवा मागायला लागला.

मुंगी उचलून टाकली.
तरी मागतोच.

मी एकपासून चाळीसपर्यंत गेले होते.
यंत्राच्या वखारीत पहिला रवा शून्यावर असतो,
शेवटचा एकोणचाळीसवर.
म्हणजे पहिला दारातच राहिला होता
आणि शेवटी मी मोकळ्या फरशीला वजन विचारत होते.

अप्पा चहाची बशी हातात धरून मागं उभे.
"पहिल्या मापाला शून्य म्हणतीस?
अगं, आमी एक सुदिक म्हणत न्हाई. लाभ म्हणतो.
लाभ, दोन, तीन. तोंडातनं वंगाळ निघू ने म्हणून."
जावाला देवनागरी नावं चालतात.
मी आय खोडला, तिथं लाभ लिहिलं,
आणि लाभ बरोबर शून्य करून टाकलं.
दोघांचंही समाधान झालं असावं.

मग बेरीज. स्क्रीनवर अठ्ठावीस.
चाळीस रव्यांची बेरीज अठ्ठावीस किलो!
बेरीज शून्य करायची ओळ लूपच्या आत जाऊन बसली होती,
दर फेरीला पाटी पुसत.
अप्पांनी चष्मा वर केला.
"म्हंजे शेवटचा तेवढाच खरा?
मागचे एकोणचाळीस हमालानं काय रंकाळ्यात टाकले?"
मी ती ओळ उचलून दाराबाहेर ठेवली.
अकराशे सत्त्याऐंशी. वहीतही तेच.
त्यांनी मान हलवली, जरा उशिरानं.

तिथंच थांबायला हवं होतं.
पण मॅडमनी सरासरी पण सांगितलेली.
भागिले चाळीस. एकोणतीस.

अप्पा छताकडं बघत पुटपुटले,
पेन्सिल कानामागनं हललीसुद्धा नाही.
"एकोणतीस चोक... अकराशे साठ.
वरचे सत्तावीस किलो कुठं गेले?"
मी सांगितलं, इंट म्हणजे पुरता आकडा,
अपुरं राहिलं की यंत्र टाकून देतं, विचारत नाही.
"सत्तावीस किलो म्हंजे एक रवाच की, जवळजवळ.
ह्याला आमच्यात कडता म्हणत्यात.
पर आमच्यात निदान भांडणं तरी व्हतात.
ह्ये शिकल्यालं. मुकाट कापतंय."

मी इंटचा डबल केला.
एकोणतीस पूर्णांक सहाशे पंचाहत्तर, लाल रेघ नाही, काही नाही.
रात्रीचे पावणेबारा. मॅडमना फोटो पाठवला,
त्यांनी अंगठा पाठवला.

अप्पा अंथरुणावर पडले, दिवा मालवला.
मग अंधारातनं, झोपेत असल्यासारखं,
"आणि बारदान?"

बारदानासाठी मी व्हेरिएबलच ठेवला नव्हता.