मूठ

पिस्तूल विकत मिळालं, मूठ नाही.
अक्रोडाच्या लाकडात अजून वेइक्कोचाच पंजा:
करंगळीपाशी एक खळगा,
कागद-कारखान्यात तुटलेलं पेर सांभाळणारा.

कुओपिओत साडेतीनलाच अंधार.
आउने नळीतून चिंधी ओढते.
मेण, शिसं, काजळी.
तिसरी चिंधीही काळीच.
मग कानस.
भुसा मांडीवर, थोडा कॉफीत.
अंगठ्याखाली पुट्टी भरली, वाळवली, घासली,
ट्रिगरचा स्क्रू पाव फेरा सैल.

गुरुवारी रेंजवर दहा गोळ्या,
दहाही घड्याळातल्या सातावर,
एकमेकींना चिकटून.
म्हातारा कायम तिथेच मारायचा
आणि शिव्या साइटला.

दोन खटके फिरवले की झालं.

तिने स्क्रूड्रायव्हर काढला खरा.
करंगळी मात्र, धडधाकट,
त्या खळग्यात
आपोआप मुडपून बसलेली.