वीत आणि हात

गाडीच्या मागच्या दाराला मी तक्ता टांगते.
त्यावर अक्षरं नाहीत, एकच खूण आहे तीन दात्यांची,
कधी वर तोंड करून, कधी खाली, कधी आडवी.
वाचता येत नसलं तरी अडत नाही,
दाते जिकडे, तिकडे बोटं करायची.

दगड मांडून केलेल्या रेघेशी डुलामसुरेन उभी राहिली
आणि हसली. म्हणाली,
त्या उतारावरच्या घोड्यांत आमचा कबरा कुठला, ते सांगू?
मी वळून पाहिलं.
मला उतारावर घोडे आहेत हेच नवीन होतं.

शेवटच्या ओळीपर्यंत एक दाता चुकला नाही तिचा.
मग मी सुई दिली, दोरा दिला.
तिने हात लांब केला. आणखी लांब.
शेवटी म्हणाली, हात संपला.

याला चाळिशी म्हणतात.
बावन्नाव्या वर्षी लक्षात आली तरी चाळिशीच.
डोळ्यातलं भिंग तरुणपणी सायीसारखं मऊ असतं,
नंतर तुमच्या छपरावर वाळणाऱ्या दह्याच्या वड्यांसारखं होतं,
जवळचं बघायला फुगावं लागतं त्याला, ते फुगत नाही.
म्हणजे दूरदृष्टी? तिने विचारलं.
नाही, ती वेगळी. त्यात डोळाच थोडा आखूड असतो.
पुढाऱ्याला असली तर गुण,
डोळ्याला असली तर नंबर.
मी कार्डावर लिहिलं: अधिक दोन. फक्त जवळचं बघायला.

तिची मुलगी, नोमिनतुया, वय पंधरा,
पहिल्या दात्यालाच अडली.
घरात हिला आळशी म्हणतात.
मागच्या वसंतात शेजाऱ्यांच्या शेळ्या हाकत घरी आणल्या हिने,
मामा अजून तो किस्सा सांगतो.
पण पुस्तक नाकाला लावून ही रात्रभर वाचते.

वजा साडेचार.
वजा म्हणजे कमी नव्हे, मी म्हटलं,
तुझा डोळा उलट जास्त आहे, दीडेक मिलिमीटर लांब,
चित्र पडद्याआधीच उतरून जातं,
थांबा यायच्या आधी उतरलेल्या माणसासारखं.
आणि हा रकाना सिलिंडरचा. गॅसचा नव्हे गं.
डोळ्याची पुढची काच सगळीकडे सारखी गोल नाही,
म्हणून दिव्याला शेपूट फुटतं.
सगळ्याच दिव्यांना असतं ना? ती म्हणाली.

वितीच्या आतलं सगळं मुलीचं.
हातापलीकडचं सगळं आईचं.
मधल्या तेवढ्या जागेत
दोघींनाही काहीच धड दिसत नाही,
आणि तिथेच त्या रोज बसतात,
गोवऱ्यांच्या शेगडीशी, मिठाचा चहा घेऊन,
एकमेकींच्या तोंडाकडे बघत.

तपासायची जड फ्रेम मी मुलीच्या नाकावर ठेवली,
भिंगं सरकवली, अक्ष फिरवला एकशे सत्तरवर.
ती तक्त्याकडे बघेना.
आई गेरच्या दाराशी गेली होती, दूध उतू जातंय का ते बघायला,
आणि तिथून सहज हात हलवला तिने.

तू हात करतेस?
शाळेला निघते तेव्हा पण करतेस?
आईला प्रश्नच कळला नाही.
रोज करते, म्हणाली,
मोटारसायकल खिंडीआड जाईपर्यंत.
तूच कधी वळत नाहीस.

यावर काय लिहायचं, कार्डात रकाना नाही.

मी भिंगं एकेक काढून पेटीत लावली.
ती फ्रेम पटकन देईना. द्यावी लागलीच.
चष्मा राजधानीहून येईल, तीन आठवड्यांनी, रस्ता वाहून गेला नाही तर.

दुपारी मामाने मोटारसायकल काढली.
माझ्या काचेवर गेल्या आठवड्यातला ओरखडा आहे,
त्याच्या कडेने दिसलं तेवढं सांगते:
नाल्याच्या अलीकडे मुलगी मागे वळली,
जिथे दार असेल असं तिला वाटलं
तिकडे हात केला.
थोडा चुकला. शेळ्यांच्या कुंपणाकडे गेला.
डुलामसुरेन दोन पावलं सरकून
कुंपणापाशी उभी राहिली.