परतीचा कोन

महापे, गाळा नंबर सतरा.
दिवे मालवून कुरियन सर कॉइलला करंट देतात,
मी चकती फिरवत काळोख शोधते;
जिथे किरण पुरता विझतो, तो आकडा वहीत.

पाणी जेमतेम हलतं. दोन अंश, तेही कुरकुरत.
शिशाची काच मात्र चुंबकाचं लगेच ऐकते.
उजेड शिरतो उभा, निघतो कलून.
अकरा.

साखरेच्या पाण्याला चुंबक लागतच नाही,
किरण आपसूक पिळतो.
पण आरशावरून माघारी धाडला
की आल्या वाटेनं पीळ सोडवत येतो,
कधी गेलाच नव्हता जसा.

काचेत तसं नाही. परतताना
कोन वाढतो. बावीस.
सर म्हणाले, हेमांगी, पुन्हा बघ.
पाहिलं.
बावीस.

घणसोलीच्या तळ्याकाठी आई
निवट्या साफ करत शेजारणीला सांगत असते,
"चार वर्सं पनवेलला नांदून आली,
पन पोर व्हती तशीच हाय गो."
सुंभ, जळणं, पीळ, असल्या म्हणी
तिच्याकडे पुष्कळ. माझ्यासाठी एकही काढत नाही.

मी पायरीवर चपला काढते,
आत जाते,
चहासाठी साखरेचा डबा शोधते.