मठार

आमच्या आळीत आता तीनच हातोड्या उरल्यात,
त्यातली भाऊंची खिळ्याला टांगलेली.
खाली, जिथं घंगाळं एकावर एक रचलेली असायची,
तिथं सहा टेबलं, एक फळा,
आणि काचेपलीकडं ते भांडं, सातशे लिटरचं,
भाऊंच्या हातचं शेवटचं.

ऑर्डर त्यांच्याच मुलीची.
वृषाली बंगळुरूहून परत आली
दोन बॅगा आणि एक थर्मामीटर घेऊन.
"भाऊ, बंब हवाय. मोठा."
"आंघोळीला किती माणसं?"
तिनं सांगितलं कशाला हवाय ते.
तीन दिवस बोलले नाहीत.
चौथ्या दिवशी पत्र्याचा भाव काढून आले.

मठार बघा त्याच्यावरचा.
एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला खेटून,
मधे नखाएवढीही जागा नाही.
ड्राय डेला आम्ही सगळे चिंच-मीठ घेऊन बसतो त्याच्याभोवती,
गिऱ्हाईक नसतं, तेवढाच घरचा दिवस.

शकूआत्या मागच्या दारानं येते, नाकाला पदर.
"तांबटांनी दारू काढली," असं भांडी बाजारात
पहिल्यांदा म्हणाली ती हीच.
आता धने निवडते, गव्हाच्या बिअरला लागतात ते,
आणि काडी सापडली की वृषालीवर खेकसते,
"लोकांच्या पोटात जायचंय हे!"

फळा मी लिहितो, नावं भाऊंची.
गव्हाची पांढुरकी ती कल्हई.
धुरकट काळी ती बंब, थंडीतच मिळते.
पेठकडच्या नागलीची एक आहे, हट्टी,
कधी फेस धरते, कधी नुसती बघत बसते,
तिला अजून नाव नाही.
आणि फेसाचं माप गोदावरीचं.
भाऊ ग्लास उजेडात धरून म्हणतात,
"दुतोंड्याच्या गुडघ्याला. बरोबर."
जास्त झाला तर
"कमरेला लागलं रे, दुकानं रिकामी करा!"

पण मागच्या खोलीतल्या टाक्या स्टीलच्या.
अंबडहून आल्या, क्रेननं उतरवल्या,
त्या दिवशी भाऊ घाटावर जाऊन बसले.
स्टीलनं आमची आळी बसवली, साहेब.
घरात चमचासुद्धा येऊ दिला नव्हता त्यांनी,
शेजारच्यांचा डबा आला की पितळेत ओतून परत.
"तांबं बोलतं," म्हणायचे, "हे मुकं आहे."
आणि म्हणणारा माणूस
पन्नास वर्षांच्या ठोक्यांनी बहिरा.

एप्रिलात रात्री दीडला वीज गेली.
जनरेटर दोनदा खोकला, बसला.
वृषाली फोनवर, मी बर्फासाठी शालिमारपर्यंत,
सगळं बंद. कोणी शटर उघडेना.
परत आलो तर मेणबत्तीच्या उजेडात
भाऊ. धोतराचा काचा मारलेला.
टाक्यांना ओली पोती गुंडाळलेली,
तांब्यानं पाणी घालताहेत, वरून खाली,
तापलेल्या पोराच्या कपाळावर घालावं तसं,
आणि दुसरा तळवा सपाट स्टीलवर.
"आत गडबड आहे," म्हणाले.
"हळूहळू शांत होतंय."
उजाडेपर्यंत हललं नाही कोणी.

दोन टाक्या वाचल्या. तिसरी आंबटावली.
वृषाली ओतूनच देणार होती.
भाऊंनी वास घेतला. पीत नाहीत ते, फक्त वास.
मग माझ्या हातून खडू घेऊन
फळ्यावर हिशेबाच्या वहीतल्या अक्षरात लिहिलं:
"नागली. थोडी चुकली आहे.
पोचा पडलेल्या भांड्यासारखी निम्मा भाव."
आत्या म्हणाली, "असं कोणी लिहितं का?"
ते त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं.

साडेआठपर्यंत संपली.
एक वकील दुसऱ्या दिवशीही विचारत आला,
ती चुकलेली आहे का?

सकाळी मी फळा पुसला, ओळ पुरती गेली नाही.
चोथा न्यायला टाकळीचा गवळी आला,
बादल्या आदळल्या, त्यानं दोन हाका मारल्या.
भाऊ वळले नाहीत.
हात टाकीवर होता.