चार भोकांचं बटण

आजोबा म्हणायचे, मला आयुष्यात शत्रू दोनच,
एक कोरियातली थंडी
आणि दुसरी झिप.
पहिलीने त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं नेली,
दुसरीने कारखान्यातली निम्मी माणसं.

मस्कटीन गावात, नदीकाठच्या लाल विटांच्या इमारतीत
अडतीस वर्षं ते बटणांना भोकं पाडत होते,
आधी शिंपल्याच्या, मग प्लास्टिकच्या.
‘बटण काय, कुणीही करेल,’ ते सांगायचे,
‘मी भोकं करतो.
नसलेली वस्तू विकून हे घर उभं केलंय,
बँकेला कळू देऊ नका.’
आणि विनोद संपायच्या आत
स्वतःच हसत सुटायचे,
त्यामुळे शेवट कधी नीट ऐकूच यायचा नाही.

नाव लेलँड ब्रोकर्ट.
शिफ्टवर सगळे त्यांना पाद्रीबुवा म्हणत,
कारण चर्चमध्ये ते हमखास झोपत.
केसांत, भुवयांत, कानांच्या वळणांत
शिंपल्याची पांढरी पूड घेऊन संध्याकाळी यायचे,
दारात आजी ब्रश घेऊन उभी,
‘म्हातारा होऊन घरी येतो हा माणूस
आणि जेवायच्या आत तरुण होतो.
रोज!’

बोटांची गोष्ट प्रत्येक नातवंडाला वेगळी.
मला सांगितलेली, पत्त्यांच्या डावात हरलो.
डॅरलला, पोस्टाने पुढे पाठवली, पत्ता चुकला.
धाकट्या रूथीला म्हणाले,
ती तिथेच थांबलीत, बर्फ वितळला की येतील चालत.
रूथी कितीतरी दिवस
झोपताना दाराशी बाहुलीचा मोजा ठेवायची.

एकदाच, डिसेंबरात,
गॅरेजमधला पीचचा डबा उघडताना ते थांबले.
आतलं सगळं गोठलेलं.
चाकू तसाच हातात, तोंडातून वाफ,
आणि चेहऱ्यावर कुणीच नाही.
मी हाक मारली.
दुसऱ्या हाकेला परत आले.
‘पीच गोठले की दगड होतात,’ म्हणाले,
‘आम्ही डबे काखेत धरून बसायचो रात्रभर.
हॅस्किनचा डबा सकाळी मऊ झालेला होता.
तो मात्र...’
पुढे काही नाही.
मग, ‘काखेचा वास लागायचा पीचला.’
आणि हसले,
त्या एकाच वेळी
विनोद संपल्यावर.

रविवारी शर्टाची बटणं
मुद्दाम एक काज चुकवून लावायचे.
बटणांच्या कारखान्यातला माणूस!
आजी पुटपुटत समोर यायची,
वरपासून सगळी सोडायची, पुन्हा लावायची,
आणि ते तिच्या डोक्यावरून
आम्हाला डोळा मारायचे.
तिला ठाऊक होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मार्चमध्ये, नदीवरचं बर्फ फुटत असताना, ते गेले.
पेटीत कोट, टाय,
शर्ट सरळ, एकेक बटण आपापल्या जागी.
आजी बराच वेळ बघत राहिली.
‘हा त्याचा शर्ट नाही,’ म्हणाली.
शर्ट त्यांचाच होता.
तिने टाय बाजूला सारला,
सुजलेल्या बोटांनी वरचं बटण सोडलं,
मग दुसरं.
आम्ही खिडकीबाहेर बघत उभे राहिलो.

कबरीपाशी दोन पोरगेले सैनिक झेंड्याची त्रिकोणी घडी घेऊन आले.
एकाच्या कोटाचं बटण सैल लोंबत होतं.
घडी हातात घेताना आजी हळूच म्हणाली,
‘ते शिवून घे, बाळा.’

नंतर चर्चच्या तळघरात
हॅम सँडविच, बटाट्याचं सॅलड, पातळ कॉफी.
पॉलिशच्या खात्यातले म्हातारे ओर्विन
भोकांचा विनोद सांगायला उभे राहिले,
‘बटण काय, कुणीही...’
आणि मध्येच हसू लागले,
मग पलीकडच्या टेबलावरचे, मग रूथी, मग सगळेच.
शेवटपर्यंत कुणी पोचलंच नाही.

घर आता आजीच्या नावावर आहे.
बँकेला अजून काही कळलेलं नाही.