अडीच ओळी

तुर्भ्याच्या मसाला बाजारात
जिऱ्याच्या पोत्यांमागे माझं टेबल.
दुपारी काटा थांबला की
मी ऑगस्टा टिल्सन वाचते.

वाशीच्या रद्दीतून आलेलं पुस्तक,
आत कुठल्याशा अमेरिकन वाचनालयाचा शिक्का,
शेवटची तारीख एकसष्ट सालची.

प्रस्तावनेत तिच्या वाट्याला अडीच ओळी :
नेटकी. जुन्या वळणाची. आवाका बेताचा.
बाकी पानं नवऱ्याच्या मित्रांवर.

तिची एक कविता आहे गोठलेल्या हातपंपावर.
चौदा ओळी. पहाटे ती उकळतं पाणी ओतते,
आणि तेराव्या ओळीत लय अडखळते,
मुद्दाम,
पाणी यायच्या आधी दांडा अडतो तशी.
ऐकू आलं नाही त्याला?

मी बोटांवर मोजून पाहिलं, तीनदा.
एकोणीस वर्षं वजनं लिहितेय,
काट्यावर कुणाचा अंगठा आहे ते कळतं.

नेरूळच्या काव्यमंडळात टिपणीस सरांना दाखवलं.
"यमकं जुळवणारी बाई," म्हणाले, आणि चहा मागवला.
माझी वही परत देतानाही
हेच म्हणाले होते.

आज पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलं :
टिल्सन, ऑगस्टा. वजन पूर्ण. घट नाही.
खाली सही, शेवंती घरत.

पानांत जिरं सांडलंय.
झटकलं नाही.