उणे पंचवीस, रबाळे

मे महिना. एमआयडीसीच्या रस्त्यावर डांबर चप्पल धरून ठेवतं.
गेटवर सही, वेळ सहा दहा,
मग खुंटीवरून काढायचं ते जाड जाकीट
ज्यात आधीच्या शिफ्टचा फर्नांडिस अजून ओला आहे.
माकडटोपी. हातमोजे, दोन, एकावर एक.

दार ओढलं की पांढरी वाफ पायाशी लोळते.
आत थंडी नाही. थंडी आपल्याकडे असते जानेवारीत,
एका शालीएवढी, चार दिवस.
हे दुसरंच काही आहे.
नाकातले केस सुईसारखे ताठ होतात
आणि पेनातली शाई बसून राहते.

सांगाड्यावर गाडीची नुसती पुढची काच.
मागे सीट नाही, माणूस नाही, जायचं ठिकाण नाही.
काल रात्री मी तिच्यावर पाणी फवारलं,
बर्फ धरू दिला, बोटाच्या नखाएवढा जाड,
वायपर तसेच काचेवर निजलेले.

आता बटण.

मोटार घुमते. हात हलत नाही.
मी मोजते. अकराला फ्यूज जातो.
कधी जात नाही, आणि ते जास्त वाईट:
रबराची कड काचेलाच चिकटून राहते,
हात तिला सोडून पुढे जातो
उघड्या पत्र्याने काच खरवडत.
तो आवाज मी घरी नेते. दातांत.

वाकणकर साहेब म्हणाले, तू रोज बघतेस,
डब्यातल्या सूचना तूच लिही, सोप्या.
लिहिल्या:
रात्री गाडी लावताना वायपर उचलून उभे ठेवा.
विसरलात, तर सकाळी आधी बटणाला हात नको.
काच आतून तापू द्या, हळूहळू, चहा होईस्तोवर.
धुण्याच्या टाकीत नुसतं पाणी भरू नका, गोठेल.
उकळतं पाणी ओतू नका
(मी एकदा ओतून पाहिलं. काच आधी गप्प होती.
मग कोपऱ्यातून एक रेघ निघाली,
कसलीच घाई नसल्यासारखी, चालत).
साहेबांनी कंसातलं सगळं काढलं. चहाही काढला.

शेजारच्या खोलीत मिठाचं धुकं.
तिथे वायपरचे सांधे आठवडे आठवडे लटकतात
आणि तांबडे होत जातात.
कारण तिकडे बर्फ वितळावा म्हणून
रस्त्यावर मीठ टाकतात.

हे मी घरी सांगितलं, घणसोलीला, जेवताना.
बाबांचा घास हातातच राहिला.
"रस्त्यावं? मीठ? गारीच्या चाकाखाली?"
काथोड घरत, एकतीस वर्षं मिठागरात,
उन्हात पांढऱ्या ढिगांकडे बघून बघून
ज्यांचे डोळे आता काचेवरच्या धुक्यासारखे.
बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
मग त्यांनी ताटाच्या कडेचं मीठ
चिमटीने उचलून परत वाटीत टाकलं.

काल शिफ्ट संपताना मी काच खरवडली,
तो चुरा स्टीलच्या डब्यात भरला, झाकण दाबलं.
बाहेर पडले तर चष्म्यावर दव,
दोन्ही काचा पांढऱ्या,
ठाणे-बेलापूर रस्ता नुसता हॉर्न.
ओढणीच्या टोकाने पुसला. पुन्हा आलं. पुन्हा पुसला.
रिक्षावाला म्हणाला, मॅडम, बसताय का नाही?

डबा मांडीवर घेऊन बसले.
तळव्यांना गार, मग कमी गार,
तळवलीच्या पुलाशी त्यात काहीतरी हिंदकळलं.

बाबा ओट्यावर वाट बघत बसलेले.
"बर्फ आणलाय," म्हटलं, "तिकडचा."
झाकण उघडलं. दोन घोट पाणी.
त्यांनी चाचपत बोट बुडवलं, जिभेला लावलं,
मिठागरात पाणी तयार झालं का बघायचे तसं,
डोळे मिटून.

"आलनी हाय गो," म्हणाले,
आणि डबा माझ्याकडे परत सरकवला.